गणपतरावांचा गौरव नेमका कशासाठी?

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी २०१९ची विधानसभा निवडणूक लढवली नाही. विधान परिषदेत मुदत संपलेल्या सदस्यांना रीतसर निरोप मिळतो. विधानसभेतला आमदार मात्र पडतो किंवा थांबतो, त्यामुळे त्याचा गौरव सभागृहाबाहेर, बहुधा वर्तमानपत्रांत होतो. गणपतरावांच्या बाबतीत तो दोनच गोष्टींवर अडला: ११ वेळा आमदार आणि एसटीने प्रवास.

पहिला आधार लंगडा आहे. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले, म्हणजे निव्वळ आकडाच मोजायचा तर सांगोल्याला दुसऱ्या रांगेत बसावे लागेल. साधेपणा हा सद्गुण खरा. पण एसटीने मुंबई गाठून सभागृहात गप्प बसणारा आमदारही साधाच म्हणायचा.

उलट बाजूचा आक्षेप जास्त वजनदार आहे: अर्धशतक एकच माणूस म्हणजे नव्यांची कोंडी. परंतु १९६२ साली प्रथम निवडून आलेल्या या माणसाला सांगोलेकरांनी १९७२ आणि १९९५ मध्ये घरी बसवले होते. जहागिरीत असे घडत नाही. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष आक्रसत गेला, तरी गणपतरावांनी लाल बावटा सोडला नाही, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

दीर्घ कारकिर्दीचे खरे मोल सभागृहाच्या कामकाजात दिसते. १९७८ आणि १९९९ नंतरची मंत्रिपदे वगळता गणपतराव बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते. तिथली हत्यारे ठरलेली: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. उपप्रश्नाची धार स्मरणावर अवलंबून असते. कृष्णेचे पाणी सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यांकडे उचलणाऱ्या टेंभूसारख्या योजनेचे काम कित्येक सरकारे ओलांडून चालते. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, सुधारित अंदाजपत्रके येतात. आधीच्या मंत्र्याने याच योजनेबद्दल काय कबूल केले होते, हे नव्या मंत्र्याला सुनावू शकणारा सदस्य सभागृहात लागतो. पाणी उशिरा आले, ही तक्रार रास्तच आहे. पण तिजोरीची किल्ली विरोधी बाकावर नसते.

सांगोल्याची सहकारी सूतगिरणी हा गणपतरावांच्या कामाचा सभागृहाबाहेरचा भाग. तो मोठा असला तरी आमदारकीच्या हिशेबात वेगळा धरलेला बरा.

आजोबांच्या पुण्याईवर मते मिळतात, असेही सांगितले जाते. २०१९ साली नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. २०२४ मध्ये दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, शेतकरी कामगार पक्षातर्फेच निवडून आले. पुण्याई तीच होती, निकाल मात्र वेगळे.