मंजूर झालेले कर्ज, झेपणारे कर्ज

पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट आणि हाती १२ लाखांची शिल्लक. बँक ४० लाख देते, पदरचे १० घातले की झाले, वर दोन लाख उरतात. हा हिशेब घरोघरी मांडला जातो आणि बहुधा चुकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख. दहाचे सव्वासोळा लाखांच्या वर गेले.

मधले चार लाख मग पर्सनल लोन, सोनेतारण नाहीतर मेहुण्याकडून हातउसने घेऊन उभे केले जातात. धोका सुरू होतो तो इथे. बँक पदरची रक्कम मागते ती तोट्याची पहिली झळ कर्जदाराने सोसावी म्हणून. ती रक्कमच उसनी असेल, तर नोकरी गेल्यावर किंवा आजारपण आल्यावर आधाराला काही उरत नाही.

हप्त्याकडेही नीट पाहावे. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षे: हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते जेमतेम ६,४०० रुपयांचे. तीन वर्षांत साडेबारा लाख भरूनही मुद्दल अडीच लाखांच्या आसपासच कमी झालेले असते. अडचणीत घर विकायला काढणाऱ्याला हे फार उशिरा कळते.

शिवाय दर बदलता, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधलेला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. साडेसहा टक्क्यांनी नुकत्याच घेतलेल्या ४० लाखांचा हप्ता २९,८०० च्या घरात. दर नऊ टक्के झाला की नुसते व्याजच महिन्याला ३० हजार. जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावावे लागले.

बँक पगारपत्रक आणि सिबिल पाहते. आईचे गुडघ्याचे ऑपरेशन किंवा मुलीची कॉलेजची फी बँकेच्या कागदांत नसते. मंजुरीपत्र म्हणजे बँकेने आपल्या वसुलीचा काढलेला अंदाज. आपली ऐपत आपणच तपासायची असते.

त्यासाठी साधी कसोटी आहे. दर दोन टक्क्यांनी वाढला असे धरून हप्ता काढा. वरच्या साडेआठ टक्क्यांच्या उदाहरणात तो ४० हजार होतो. आजचे भाडे १८ हजार असेल, तर उरलेले २२ हजार वर्षभर दरमहा बाजूला टाका आणि त्यांना हात लावू नका. बांधकामाधीन घर असेल, तर ताबा मिळेपर्यंत भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागू शकतात, हेही धरा. सगळे खर्च वजा जाऊन सहा हप्त्यांची रक्कम शिल्लक राहत असेल, तरच सही करा.

थांबलो तर भाव वाढतील, हा आक्षेप खोटा नाही. पण भाव वाढल्यास घर लहान घेता येते, उपनगरात घेता येते, पूर्णत्वाचा दाखला मिळालेले जुने घर घेऊन जीएसटीही वाचवता येतो. हप्ते थकून घर विकावे लागले, तर भरलेले व्याज आणि मुद्रांक शुल्क मात्र कोणी परत देत नाही.