ठण्ण वाजलं तरच घ्या!

मित्राच्या डोक्यात सध्या लोहारकामाचं खूळ आहे. नव्या ऐरणीची किंमत ऐकून स्वारी गार पडली. मग काय, रविवारी सकाळी पुण्याचा जुना बाजार! (तो बुधवारीही भरतो, पण आपल्याला ऑफिस.)

फंडा सोपा आहे, बॉस. खिशात बेअरिंगची एक गोळी ठेवा आणि ती वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडा. टणकन उसळून हाताशी आली, तर माल पोलादी. ‘थप्प’ करून बसली, तर बहुतेक बिडाचा ठोकळा. घण बसला की त्याच्या कपच्या उडणार. रुळाचा तुकडाही ऐरण म्हणून चालतो, पण ती रेल्वेची मालमत्ता. पावती नसेल तर हात लावू नका. छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलं असेल, तर वापरण्याआधी घासून घ्या. गुळगुळीत झालेली जुनी कानस मात्र सोडू नका. तिच्यात कार्बन भरपूर, सुरी झकास होते. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत नको, धूर बाधतो.

शेवटी एका काकांकडे सांडशी दिसली. दांडे हाताच्या घासाने चकचकीत झालेले.

“वडलांची. मी भाता ओढायचो,” काका म्हणाले.

दीडशेचे शंभर करायच्या बेतात असलेला मित्र गप्प झाला. पूर्ण पैसे दिले. काकांनी सांडशीची एकदा उघडझाप केली, मग आमच्या हातात ठेवली.

“वापरा हं. भिंतीवर टांगू नका.”