भरतीचा हिशेब आणि पालघरचे किनारे

एप्रिल २०१३मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि केळवे, शिरगाव, नांदगाव, चिंचणी, डहाणू हे किनारे मुंबईकरांच्या एका दिवसाच्या सहलीत बसू लागले. येथील निवास-न्याहारी चालक आणि सहल-आयोजकांनी मुक्कामाचा कार्यक्रम समुद्राच्या वेळेनुसार आखणे आवश्यक आहे. पाहुण्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

हा किनारा उथळ व सपाट आहे. उत्तरेकडे, खंबायतच्या आखाताच्या बाजूला, भरती-ओहोटीतील अंतर वाढत जाते. ओहोटीला पाणी फार दूर ओसरते. परतताना ते आधी वाळूतील सखल चरांत आणि खाड्यांच्या मुखांत शिरते, त्यामुळे पुढे गेलेल्या माणसाची मागची वाटच प्रथम बुडते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास येते. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे पाणी सर्वांत दूर जाते ते संध्याकाळी सहाच्या सुमारास. नेमक्या त्याच वेळी सूर्यास्त पाहायला पाहुणे आत चालत जातात आणि पाणी अंधारात परतते. या दिवशी सूर्यास्ताची जागा किनाऱ्यालगतच ठेवावी. केळव्याच्या पाणकोटाकडे ओहोटीत चालत जाता येते. तेथे स्थानिक जाणकाराशिवाय गट पाठवू नये. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-तक्ताच प्रमाण मानावा.

पावसाळ्यात समुद्रस्नान वर्ज्यच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात ताज्या पापलेटचे आश्वासन देऊ नये. सातपाटीची ओळख असलेल्या या माशाला २०२३मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला. त्याची पिल्ले ताटात न वाढणे हा दर्जा जपण्याचा थेट मार्ग आहे. बंदीच्या काळात सुकी मासळी आणि वाडीतल्या भाज्या वाढाव्यात. केळवे-माहीमचे पानमळे आणि २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्याही, मालकाला मोबदला देऊन, सहलीत घेता येतात.

बोईसर-तारापूर पट्ट्याची माहिती देताना काहीही झाकू नये. तारापूर अणुऊर्जा केंद्रातून १९६९पासून वीजनिर्मिती होते. त्याच्या हद्दीत पर्यटकांना प्रवेश नाही. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्यातील प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२मध्ये लवादाने कंपन्यांना भरपाईचा आदेश दिला. नवापूर परिसरात पाहुण्यांना पाण्यात उतरवू नये, आणि त्याचे कारण त्यांना सांगावे. तारापूरचा किल्ला मात्र आवर्जून सांगण्याजोगा आहे: जानेवारी १७३९मध्ये तो पोर्तुगिजांकडून घेताना मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर येथे धारातीर्थी पडले.

प्रत्येक निवासाच्या दारात त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठी, हिंदी आणि गुजरातीत लिहिलेल्या असाव्यात. वाळूवर गाड्या उतरवण्यास मनाई असावी. समुद्र ओळखणाऱ्या कोळी-मांगेला तरुणांना प्रशिक्षण देऊन जीवरक्षक म्हणून नेमावे आणि त्यांचे वेतन मुक्कामाच्या दरातच धरावे.