शब्दविचार : तोफ

निर्भीड वक्त्यास आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतों. ती मूळ तोफ इ. स. १५४९ त अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, निजामशाहीच्या अमलांत ओतली गेली. सध्यां ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिचा ओतारी 'रूमी', म्हणजे तुर्की मुलखांतला. शब्दही तिकडचाच!

तुर्कींत 'तोप' म्हणजे गोळा, चेंडू. पुढें गोळा फेकणाऱ्या यंत्रासही तेंच नांव पडलें. फारसींतही दोन्ही अर्थ नांदतात. उस्मानी फौजांबरोबर हा शब्द स्लाव लोकांत शिरला. सर्बियन भाषेंत 'तोप' म्हणजे तोफ, आणि बुद्धिबळांतला हत्तीही 'तोप'च. बल्गेरियनांत 'तोप्का' म्हणजे चेंडू. इस्तंबुलांत 'तोपहाने' नांवाची वस्ती आहे, तर आमच्या नगरांत 'तोफखाना'! मराठीनें 'प'चा 'फ' मात्र केला.

कोणी म्हणतील, परका शब्द टाकून 'शतघ्नी' म्हणावें. शतघ्नी रामायण-महाभारतांत आहे खरी. परंतु ती दारूगोळ्याची होती, असें मानण्यास भक्कम आधार नाहीं. शिवाय तोफ हद्दपार केली, तर 'तोफ डागणें', 'तोफेच्या तोंडीं देणें' हे आपलेच वाक्प्रचार मुके होतील. तोफ, तोफा, तोफेस, असा जो शब्द आपल्या विभक्तींत निमूटपणें चालतो, तो दत्तक पुत्रासारखा समजावा. दत्तविधान झाल्यावर त्याचें गोत्र आपलेंच. मग त्याचें जन्मकुळ जिज्ञासेनें विचारावें, हेटाळणीनें नव्हे.