उष्णोदकाचे कुंड म्हणजे न्हाणीघर नव्हे

वसईचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आला. त्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता आणि यशप्राप्तीनंतर देवीचे मंदिर उभे राहिले, ही हकिकत ठाणे जिल्ह्यात आजही सांगितली जाते. किल्ल्याच्या धाटणीचा तट आणि बावन्न पायऱ्या असलेल्या या देवस्थानाचे दर्शन आटोपले की भाविकांची पावले आपसूक तानसा नदीच्या काठाकडे, अकलोली आणि गणेशपुरी येथील ऊन पाण्याच्या कुंडांकडे वळतात. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी लोकश्रद्धा आहे. श्रद्धा उदात्त आहे. प्रश्न कुंडाशी पोहोचल्यावर आपण काय करतो, हा आहे.

सुटीच्या दिवशी अनेक कुंडांवर दिसणारे चित्र परिचित आहे. पाण्यावर साबणाचा फेस, काठावर शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या, धुणे बडवण्याचा आवाज, कुंडाच्या मध्यभागी गुळण्या करणारे गृहस्थ आणि कपडे बदलण्यासाठी आडोसा शोधणाऱ्या स्त्रिया. ‘गंगे च यमुने’ म्हणून पाण्याला हात जोडणारा माणूस दुसऱ्याच क्षणी त्याच पाण्यात अंगाचा मळ काढू लागतो आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही.

हे पाणी येते कोठून, हे पाहिले तर त्याचे मोल अधिक कळते. पालघरमधील कोकणेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे विखुरलेले आहेत. उष्ण या शब्दापासून आलेली उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावांची नावेच त्यांची साक्ष देतात. खानदेशातील उनपदेव आणि किनवटजवळचे उनकेश्वर ही याच कुळातली. कोकणात भूगर्भात ज्वालामुखी धुमसत आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. येथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल झिरपते, जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. हा प्रवास दीर्घ असतो आणि वर येणारी धार बहुधा बारीक असते. म्हणूनच कुंडात कालवलेला साबण नदीतल्यासारखा वाहून जात नाही. तो पुढच्या भाविकाच्या अंगाला लागतो. शेजारी विंधनविहीर खोदून हेच पाणी खासगी हौदात ओढले, तर मूळ झऱ्याची धार आटण्याचा धोका असतो, कारण भेगांचे जाळे सातबाऱ्याच्या सीमा पाळत नाही.

जपानमध्ये उष्ण झऱ्यांसाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. पण तेथे खरी सत्ता चालते ती रिवाजाची. कुंडाबाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, फेस पूर्ण काढायचा आणि मगच पाण्यात उतरायचे. अंग पुसायचा पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. आपल्याकडचे प्रवासी तेथे जाऊन आले की या शिस्तीचे तोंडभरून कौतुक करतात. गंमत अशी की ही शिस्त आयात करण्याची आपल्याला गरजच नाही. पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, विवस्त्र स्नान करू नये, हे नियम तैत्तिरीय आरण्यकात आहेत. धर्मशास्त्राने स्नानाचे प्रकार सांगताना अंगाचा मळ घालविण्याच्या स्नानाला ‘मलापकर्षण’ असे वेगळे नाव दिले आणि तीर्थस्नानाहून ते निराळे ठेवले. पहिले घरी, दुसरे तीर्थावर. आज आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि त्यालाच परंपरा म्हणतो.

तीर्थ सर्वांचे असते, हेही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथे उष्णोदकाचे झरे आहेत आणि त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याच्या साध्या हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. समाजाच्या इतिहासातली ती लाजिरवाणी गोष्ट आहे. ज्या कुंडाला सोवळ्याची भाषा लावायची, तेथे ती माणसांना दूर ठेवण्यासाठी नव्हे, तर पाणी निर्मळ राखण्यासाठीच लावली पाहिजे. आणि स्त्रियांना संकोचाने कोरडेच परतावे लागत असेल, तर ते कुंड निम्म्या समाजाला बंद आहे असेच समजावे. बंदिस्त खोली, वाहत्या नळाखाली अंग धुण्याची सोय, कचऱ्याचे पिंप यांसाठी फार मोठा निधी लागत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली झऱ्याच्या तोंडावर सिमेंट ओतण्यास मात्र तो नेहमी सापडतो!

आरोग्याबद्दलही श्रद्धेच्या जोडीला सावधपणा हवा. ऊन पाण्याने सांधे सैल होतात, थकवा उतरतो, हा अनुभव आहे. पण प्रत्येक झऱ्यात गंधक असून सर्व त्वचारोग बरे होतात, ही समजूत निराधार आहे. कोकणातील बहुतेक झऱ्यांत क्षारांचेच प्रमाण अधिक आढळते. उलट अंगावर उघडी जखम किंवा संसर्ग असलेल्याने सामायिक कुंडात उतरू नये. हृदयविकाराचे रुग्ण व गर्भवती यांनी वैद्याला विचारावे. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणा ठरू शकतो, हे केरळमध्ये २०२४ व २०२५ मध्ये आढळलेल्या रुग्णांमुळे सर्वांना कळले आहे. तेव्हा नाक धरून बुड्या मारण्यापेक्षा गळ्यापर्यंत शांत बसणे बरे, विशेषतः मुलांना.

वज्रेश्वरीची यात्रा चैत्र अमावास्येला भरते. पंचक्रोशीतील तरुण मंडळांनी त्या दिवशी प्रत्येक कुंडाशी दोन-दोन कार्यकर्ते उभे करावेत. साबण आणि तेलाच्या पुड्या काठावरच जमा कराव्यात, बाहेर बादलीने अंग धुऊन मगच पाण्यात सोडावे आणि सायंकाळी हौद उपसून धुवावा. पहिल्या वर्षी वाद होतील, कोणी ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असेच न्हातो’ म्हणून आवाजही चढवील. त्याच्या हातात एक बादली द्यावी.