नाव जुळले, माणूस जुळला का?

घनसावंगी तालुक्यात पणजोबांच्या नावाची चौकशी गेल्या दोन-तीन वर्षांत जेवढी झाली, तेवढी त्याआधी क्वचितच झाली असेल. शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. ७ सप्टेंबरला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध मराठवाडाभर सुरू झाला. पुढच्या वर्षी त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षण अबाधित राहावे म्हणून उपोषण झाले. आरक्षण कोणाला आणि किती, हा या लेखाचा विषय नाही. त्याच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मात्र दोन्ही मंडपांना सारखाच लागू आहे. घरच्यांनी सांगितलेली वंशावळ मूळ दप्तराशी किती काटेकोरपणे ताडून पाहायची?

काटेकोरपणाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू समजायला जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचे एक पान पुरेसे आहे. लिपी बहुधा मोडी. शब्द तोडून लिहिलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच. मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात, तारीख, एवढ्यावर नोंद संपते. आडनावाचा पत्ता नाही. ‘रामा वल्द गोविंदा, कुणबी’ अशी ओळ सापडली, तर त्या गावात त्या काळी रामा किती होते आणि गोविंदा किती, हे विचारल्याशिवाय पुढे कसे जाणार? ओळ खरी असते, शाई जुनी असते, तरीही तो रामा आपला नसू शकतो. शिवाय वंशावळ अर्जदारच मांडतो. ज्या नोंदीपर्यंत पोहोचायचे ती आधीच माहीत असेल, तर तिथवर जाणारी वाट आपोआप सरळ दिसू लागते. त्यासाठी खोटेपणाच हवा असे नाही, मनापासूनची इच्छाही पुरते.

दुसरीकडे, कागदाचा आग्रह कोणावर जड जातो हेही पाहिले पाहिजे. घनसावंगीतील गावे पूर्वी अंबड तालुक्यात होती, अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे एकाच घराचे कागद तीन-चार दप्तरखान्यांत विखुरलेले, त्यांतले काही उर्दूत, तारखा फसली सनात. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे तरी किती जणांना माहीत असते? ज्याच्या घरी पाटीलकी किंवा कुलकर्णीपण होते, त्याच्या पेटीत सेतवार, पाहणीपत्रक, सनद सापडते. ज्याच्या आज्याने जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर सालं घातली, त्याचे नाव जमिनीच्या कोणत्याही कागदावर येत नाही. मूळ कागद आणा असे दोघांना एकाच सुरात सांगितले, तर ती समान वागणूक ठरत नाही.

तोंडी परंपरेलाही उगाच कमी लेखू नये. मावळण कोणत्या गावची, भाऊबंदकी कुठे फुटली, सुतक कोणाकोणाचे धरायचे, हे म्हातारी माणसे जे सांगतात ते दोन-तीन पिढ्यांपर्यंत बहुधा पक्के असते, कारण ते रोजच्या व्यवहारातले ज्ञान असते. सुना आणि लेकींची माहेरे तर बहुतेक दप्तरांत नसतातच, ती केवळ आठवणीत असतात.

तथापि, चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडे आठवण पातळ होते. मधली दोन नावे गळतात, चुलता आजोबा होऊन बसतो. घनसावंगी तालुक्यातीलच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ठोसरांच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाचे सर्वांत प्रसिद्ध चरित्र म्हणजे हनुमंतस्वामींची बखर. ती समर्थांच्या निधनानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. श्रद्धेने जपलेल्या या परंपरेचा अनादर न करता धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून मूळ कागद गोळा केले आणि दासबोधासाठी डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीचा आधार घेतला. बखरीपेक्षा समकालीन पत्राला अधिक वजन द्यावे, हा वि. का. राजवाड्यांचा आग्रह तर मराठी इतिहाससंशोधनाचा पायाच आहे. तो आग्रह संतांच्या आणि सरदारांच्या घराण्यांपुरताच राखून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र मूळ कागद म्हणजे अंतिम सत्य, हेही खरे नव्हे. जुने शाळा-दाखले पाहा. गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख पानापानावर भेटते. जातीचा रकानाही कोणीतरी विचारून किंवा न विचारता भरला होता. गॅझेटियरचे तर स्वरूपच वेगळे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला महत्त्व आले. गॅझेटियर कोणत्या भागात कोणत्या समाजाची वस्ती किती होती हे सांगते, अमक्याचा आजा कोण हे सांगत नाही. पहिल्या गोष्टीसाठी ते मोलाचे साधन आहे, दुसऱ्या गोष्टीसाठी ते साधनच नाही. त्या निर्णयाने गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमली. गावच्या माणसाला गाव कळते, हा त्यामागचा विचार योग्य आहे. त्याच गावात राहून शेजाऱ्याला ‘जुळत नाही’ असे सांगणे किती अवघड असते, हा आक्षेपही तितकाच योग्य आहे.

न्यायालयांनीही दोन्ही टोके टाळली आहेत. १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीसाठी दक्षता पथकाची चौकशी घालून दिली. मार्च २०२३ मध्ये अनुसूचित जमातीच्या दाव्यांबाबत त्याच न्यायालयाने चालीरीतींची चाचणी निर्णायक नसल्याचे सांगून संविधानपूर्व कागदांना अधिक वजन दिले. रक्तसंबंधातील नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून दगदग नको, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये घेतली. यात मोठा दिलासा आहे, पण जोखीमही आहे. पहिल्या नातेवाइकाच्या वंशावळीत एक सांधा चुकला असेल, तर तीच चूक साऱ्या भाऊबंदांच्या कागदांत उतरते.

म्हणून माझा कल मूळ कागद पाहण्याकडे आहे, पण तो शोधण्याचा बोजा अर्जदाराऐवजी शासनावर असावा. घरच्या हौसेसाठी लिहिलेल्या कुलवृत्तांतात एखादे नाव ऐकीव राहिले तर कोणाचे बिघडत नाही. ज्या वंशावळीने तिसऱ्या माणसाच्या हिश्शावर परिणाम होतो, तिचे माप वेगळेच असले पाहिजे. वंशावळीतील प्रत्येक सांध्यापुढे आधार लिहावा: हा फेरफारावरून, हा शाळेच्या रजिस्टरवरून, हा केवळ आजीच्या सांगण्यावरून. ऐकीव सांधा लगेच बाद करू नये, पण तो ऐकीव आहे हे झाकूही नये. सापडलेल्या नोंदीचे अख्खे पान मोडी वाचकाच्या सहीच्या लिप्यंतरासह सर्वांना पाहता यावे. एकच ओळ दाखवली, तर शेजारच्या ओळीतला दुसरा रामा दिसत नाही. खाडाखोड आणि शाईतला फरकही पानावरच कळतो. आणि नोंद न सापडणे म्हणजे दावा खोटा ठरणे नव्हे, हे नकाराच्या आदेशात स्पष्ट लिहावे, म्हणजे उद्या दुसरे दप्तर उघडले तर दार बंद नसेल.

याला वेळ लागेल, हा आक्षेप खरा आहे. तालुक्याच्या अभिलेख कक्षात मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही. तपास लांबला तर त्याची किंमत बारावी झालेल्या पोराने मोजू नये. त्याला प्रवेश तात्पुरता द्यावा आणि वैधतेसाठी पुरेशी मुदत द्यावी. तो कायम करताना मात्र जात पडताळणी समितीतील एका तरी माणसाने झेरॉक्सवर समाधान न मानता मूळ वही उघडून ते पान पाहिलेले असावे आणि तशी नोंद, तारीख घालून, फाइलमध्ये असावी.