पाच कंठ आणि एक आयात साचा

२००२ साली चॅनल व्ही या संगीतवाहिनीने ‘पॉपस्टार्स’ ही स्पर्धा भारतात घेतली. प्रतीची मोहापात्रा, नेहा भसीन, सीमा रामचंदानी, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा या पाच तरुणी तीतून निवडल्या गेल्या आणि ‘व्हिवा’ हा गायिकांचा गट जन्माला आला. जन्माला आला म्हणण्यापेक्षा घडविला गेला म्हणणेच योग्य. ‘हम नये गीत सुनायें’ आणि ‘जागो जरा’ ही त्यांची गाणी पाहता पाहता तरुणाईच्या ओठी बसली. २००३ मध्ये दुसरा संग्रह आला, तोवर पाचांच्या चौघी झाल्या होत्या. पुढे थोड्याच काळात गटही उरला नाही.

एवढ्या झपाट्याने उगवून मावळलेल्या या गटाची चर्चा बहुधा पोशाख आणि पाश्चात्त्य ठेका यांपाशीच अडकते. नाके मुरडणे सोपे असते. त्यामागचे अर्थकारण समजून घेण्यास थोडे कष्ट पडतात.

‘पॉपस्टार्स’चा साचा मुळात न्यूझीलंडमधला. १९९९ साली तेथे ‘ट्रूब्लिस’ नावाचा पाच मुलींचा गट दूरचित्रवाणीवर निवडला गेला आणि त्याचे ‘टुनाइट’ हे पहिलेच गीत त्या देशाच्या लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. साचा लगोलग विकला गेला. ऑस्ट्रेलियात २००० साली ‘बार्डो’चे ‘पॉइझन’ पहिले आले. २००२ मध्ये गट विसर्जित. जर्मनीत ‘नो एंजल्स’ने २००१ साली अव्वल स्थान मिळविले, २००३ मध्ये त्याही थांबल्या. (त्या पुढे पुन्हा एकत्र आल्या, ही गोष्ट वेगळी.) देश निराळे, भाषा निराळ्या, मुलींची संख्या मात्र पाच आणि आयुर्मान दोन-तीन वर्षांचे! हा योगायोग म्हणावा काय?

या व्यवहारात गाणे हा माल नसतोच. निवड हाच माल असतो. हजारोंच्या रांगा, परीक्षकांचे शेरे, नाकारलेल्या मुलीचे अश्रू, निवडलेल्या मुलीच्या आईचा आनंद, हे सारे जाहिरातींच्या मध्ये बसवून विकले जाते. निवड पूर्ण झाली की कथा संपते आणि पुढील हंगामासाठी नवे चेहरे लागतात. भारतात ते २००३ मध्येच ‘आसमा’ या गटाच्या रूपाने आलेही. व्हिवाचा दुसरा संग्रहही त्याच वर्षीचा, हे येथे ध्यानी घ्यावे.

त्यातच काळही प्रतिकूल होता. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ने उभारी दिलेले चित्रपटबाह्य पॉप संगीत २००२ पर्यंत ओसरू लागले होते आणि चित्रपटगीतांनी संगीतवाहिन्या पुन्हा व्यापल्या होत्या. अशा वेळी एकमेकींना कालपर्यंत न ओळखणाऱ्या पाच मुलींनी कशाच्या बळावर टिकावे? आपल्याकडे गावोगावची भजनी मंडळे पिढ्यान्पिढ्या चालतात. त्यांतील टाळकरी आणि पखवाजी काही फार मोठे कलावंत असतात असे नव्हे. मात्र त्यांना बांधणारा धागा करारपत्रात नसतो.

दोष त्या मुलींचा नव्हता, हे त्यांच्या पुढील वाटचालीने सिद्ध केले. नेहा भसीन २००८ च्या ‘फॅशन’ चित्रपटातून पार्श्वगायिका म्हणून पुढे आली आणि ‘सुलतान’मधील ‘जग घूमेया’साठी तिला फिल्मफेअर पुरस्कार लाभला. पहिल्या प्रसिद्धीनंतर यास जवळजवळ पंधरा वर्षे लागली. अनुष्का मनचंदाही चित्रपटांसाठी गात राहिली. ‘आसमा’तील नीती मोहन आज ख्यातनाम गायिका आहे. कंठ अस्सल होते. साच्याला त्यांची किंमत नव्हती.

आज मराठी वाहिन्यांवरही गायनस्पर्धांची रेलचेल आहे आणि मध्यमवर्गीय घरांतील मुले तेथे उभी राहतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र मंच किती मोठा, याच्या आधी पालकांनी वाहिनीला एवढे विचारावे, की अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी या मुलाच्या गाण्याची जबाबदारी कोणाची? चॅनल व्हीला हे विचारण्याची सोय आता राहिलेली नाही. ती वाहिनी २०१८ मध्ये बंद झाली.